वैमानिकाचं साल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



यंदा पाडव्याला सकाळी गुढी उभारून झाली, कडुलिंबाचा पाला आणि गुळाचा खडा तोंडात टाकला आणि ओसरीवर टेकलो, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. माझा हा भाचा एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. त्याच्या शिक्षणासाठी माझ्या मेव्हण्यांनी तीन एकर काळं रान विकलं. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळायला किमान २०० तास उड्डाण करावं लागतं. तो परवाना हातात आला तरी एखाद्या ठरावीक जातीचं विमान चालवण्याचं शिक्षण पुन्हा वेगळं घ्यावं लागतं, त्याचे पैसे वेगळे. पहिल्या खर्चात रान गेलं, दुसऱ्या खर्चात ताईचे दागिने गेले. मग दोन वर्षं नोकरीची वाट पाहिली आणि तेव्हा कुठं ही कंपनी मिळाली.

तो म्हणाला, "मामा, दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलंय. पगार बराच जास्त आहे. पण मला कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा ह्यांनी घेतलं. आता सोडून गेलो तर बेइमानी होईल का?"

हा प्रश्न नेमका पाडव्यालाच यावा याची मला गंमत वाटली. कारण आमच्या धाराशिव जिल्ह्यात पाडवा हा पिढ्यान्‌पिढ्या नोकरी बदलण्याचा दिवस आहे. मी त्याला म्हटलं, "संध्याकाळी सांगतो." दिवसभर जो विचार केला, तोच आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

ज्यांनी शेती जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी सालगडी म्हणजे काय ते सांगतो. शेतकऱ्याकडे वर्षाच्या बोलीनं राहणारा गडी तो सालगडी. या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत त्याचं साल. ठरलेली रक्कम, वर ज्वारी, कपड्याचा जोड, पायातलं. पाडव्याच्या आधी आठ-पंधरा दिवस गावात पारावर हीच चर्चा असायची, की कोण कुणाकडं राहिला, कुणाचं साल कितीला ठरलं. साल पुरं करून दुसऱ्या वाड्यावर गेलेल्या गड्याला कुणी बेइमान म्हणत नसे. मध्येच साल मोडून गेला तर मात्र बोल लागायचा.

आमच्याकडे जे सालगडी होते त्यांना आम्ही मुलं बप्पा म्हणायचो. ते सत्तावीस वर्षं आमच्याकडे राहिले. आमच्या शेजारी एक मोठे बागायतदार होते. ते आमच्यापेक्षा जास्त साल द्यायचे, तरी त्यांच्याकडे दर पाडव्याला नवा गडी दिसायचा. बप्पा का राहिले आणि तिथले गडी का गेले, हे कोडं मला लहानपणापासून होतं. ते कसं सुटलं ते शेवटी सांगतो.

मी शिकून मुंबईला गेलो आणि एका विमान कंपनीच्या रोस्टर विभागात लागलो. बावीस वर्षं तेच काम केलं. विमान कंपनी म्हटलं की लोकांना वैमानिक दिसतो, हवाई सुंदरी दिसते. आमचा विभाग कुणाला दिसत नाही. कोणत्या विमानावर कोणता कॅप्टन, कोणता सहवैमानिक, कुणाची विश्रांती किती झाली, महिन्यात कुणाचे किती तास भरले, याचा हिशोब ठेवायचा आणि पुढच्या महिन्याचं वेळापत्रक लावायचं, हे आमचं काम. वैमानिकाचं सगळं आयुष्य त्या कागदावर चालतं. मुलाचा वाढदिवस, बहिणीचं लग्न, आईचं ऑपरेशन, सगळं त्या रोस्टरमधून वाट काढून करायचं. त्यामुळे कंपनी म्हणजे काय हे वैमानिकाला अध्यक्षांच्या भाषणावरून कळत नाही. रात्री दीड वाजता येणाऱ्या रोस्टरवाल्याच्या फोनवरून कळतं.

असाच एक फोन मी एका पावसाळ्यात केला. मुंबईत धो धो पाऊस, विमानं उशिरा येत होती, काही दुसरीकडे वळवलेली. एका विमानाच्या कॅप्टनची ड्यूटीची मुदत संपत आली होती, पण शेवटची एक फेरी राहिली होती. अशा अडचणीच्या वेळी कॅप्टनची स्वतःची तयारी असेल तर मुदत थोडी वाढवता येते, तशी सोय नियमात आहे. म्हणजे कागदावर सगळं बसत होतं. मी फोन लावला आणि म्हटलं, "कॅप्टनसाहेब, एवढी एक फेरी सांभाळून घ्या. तुम्ही कंपनीचे जुने. नवीन मुलांना काय सांगणार?" ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे."

विमान गेलं, वेळेवर उतरलं, प्रवासी घरी गेले. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी ते कॅप्टन माझ्या टेबलापाशी आले. रागावलेले नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "काल उतरताना खाली गावाचे दिवे दिसत होते, आणि क्षणभर आपण कुठल्या गावी उतरतोय हेच मला आठवेना. शेजारच्या मुलानं हाक मारली म्हणून भानावर आलो. तुम्ही कंपनीचं नाव घेतलंत, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही. पुढच्या वेळी असं विचारू नका."

त्याच सुमारास एका तरुण सहवैमानिकानं मला साफ नकार दिला होता. "सर, मी थकलोय, मी उडणार नाही," एवढंच म्हणाला. नियमानं तो बरोबर होता. पण ऑफिसात त्याच्या नावापुढे 'सहकार्य नाही' असा शेरा तोंडी पसरला. पुढच्या महिन्यात पहाटेच्या फेऱ्या, सणाच्या दिवशी बाहेरगावचा मुक्काम, हे सगळं त्याच्या वाट्याला आलं. कुणी लेखी सांगितलं नव्हतं. ते रोस्टर मीच लावलं होतं. वर्षभरात तो कंपनी सोडून गेला आणि आम्ही म्हणालो, "बघा, हल्लीच्या पोरांना निष्ठा नाही."

श्रोतेहो, ही माझी चूक मी आज कबूल करतो. पण ती माझ्या एकट्याची नव्हती. निष्ठा म्हणजे हो म्हणणं, अशी त्या ऑफिसची समजूत होती. अशा न लिहिलेल्या समजुतींनाच हल्ली कंपनीची संस्कृती म्हणतात.

आता थोडा इतिहास पाहू, कारण आपल्या देशाच्या विमान कंपन्यांचा बराचसा इतिहास मुंबईतच घडला आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन स्वतः विमान चालवत अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. त्यातून पुढे एअर इंडिया उभी राहिली. १९५३ साली सरकारनं कंपनी ताब्यात घेतली, तरी १९७८ पर्यंत अध्यक्ष तेच होते. अध्यक्ष असून ते प्रवासात बारीकसारीक गोष्टी टिपत, अगदी विमानातल्या चहाच्या रंगापर्यंत, आणि परत आल्यावर लिहून कळवत. मालकानं स्वतः औत धरलेलं असलं की गड्याला त्याचा शब्द वेगळा ऐकू येतो. १९९० साली इराकनं कुवेत घेतलं तेव्हा याच एअर इंडियानं जॉर्डनमधल्या अम्मानहून दोन महिन्यांत लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणलं. वैमानिक, इंजिनिअर, कर्मचारी दिवसरात्र राबले. त्यामागे आपल्या कंपनीविषयीचा अभिमान होता.

त्याच कंपनीत २००७ नंतर काय झालं? एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एकत्र केल्या. कागदावर एक झाल्या, चुली मात्र वेगळ्याच राहिल्या. एकाच कंपनीत दोन प्रकारचे पगार, दोन ज्येष्ठता याद्या. वैमानिकाच्या जगात ज्येष्ठता यादीला आपल्याकडच्या सातबाऱ्याइतकं महत्त्व. कॅप्टन कधी होणार, मोठं विमान कधी मिळणार, हे त्या यादीवर ठरतं. एप्रिल २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी संपावर गेले. मे २०१२ मध्ये पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक उठले. नव्या ड्रीमलायनर विमानांचं प्रशिक्षण दुसऱ्या घरच्यांना का, हा त्यांचा सवाल होता. तो संप ५८ दिवस चालला. ज्यांची निष्ठा दाखला म्हणून सांगावी अशीच ही माणसं होती. मालक एक, पण घरात न्याय दोन, असं झालं की भावकीत जे होतं तेच तिथं झालं. २७ जानेवारी २०२२ रोजी ही कंपनी पुन्हा टाटांकडे गेली.

दुसरी कंपनी जेट एअरवेज. तीही मुंबईचीच. ५ मे १९९३ रोजी सुरू झाली आणि काही वर्षांत देशातली अव्वल खासगी कंपनी ठरली. ऑक्टोबर २००८ मध्ये तिनं सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना एका झटक्यात घरी पाठवलं. गणवेशातली तरुण मुलं-मुली रस्त्यावर रडताना आपण टीव्हीवर पाहिली. राज ठाकरे यांनी त्यांची बाजू घेतली, देशभर ओरड झाली आणि एक-दोन दिवसांतच सर्वांना परत कामावर घेतलं. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, वैमानिकांनी संघटना काढली म्हणून दोघांना काढून टाकलं, तेव्हा शेकडो वैमानिकांनी एकदम आजारपणाची रजा टाकली. पाच दिवस कंपनीचं कंबरडं मोडलं. त्या वेळी वैमानिकांवर प्रवाशांनी आणि वर्तमानपत्रांनी सडकून टीका केली. गलेलठ्ठ पगार घेणारे, स्वार्थी, असं बरंच काही.

आता दहा वर्षं पुढे या. २०१९ च्या सुरुवातीला जेटकडे पैसे संपले. वैमानिकांचे पगार थकले. शंभराहून अधिक विमानं असलेल्या कंपनीची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी विमानं उडत राहिली. वैमानिकांच्या संघटनेनं १ एप्रिलपासून पगाराशिवाय उडणार नाही असं जाहीर केलं, मग कंपनीला संधी म्हणून ते १५ एप्रिलपर्यंत पुढे ढकललं, आणि १४ एप्रिलला पुन्हा पुढे ढकललं. ज्यांना स्वार्थी म्हटलं होतं तीच ही माणसं, घराचे हप्ते तुंबलेले, तरी विमान उडवत होती. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान शेवटचं ठरलं. पुढे ती कंपनी पुन्हा उभी करण्याचे प्रयत्न झाले, पण ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तिची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला. थकलेल्या पगारासाठी माणसांना वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली.

यावरून मला एक गोष्ट दिसते. वैमानिकाला निष्ठा नसते, हे खरं नाही. कधी कधी ती कंपनीच्या लायकीपेक्षा जास्त असते.

आता नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वैमानिक एकाएकी सोडून गेला तर कंपनीचं काय होतं? एक वैमानिक तयार करायला महिने लागतात. तो उद्या उठून गेला की विमान जमिनीवर, आणि तिकीट काढलेले प्रवासी विमानतळावर. म्हणून २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं नियम केला, की नोकरी सोडायची तर कॅप्टननं एक वर्ष आणि सहवैमानिकानं सहा महिने आधी कळवायचं. २०२३ मध्ये आकासा या नव्या कंपनीतून ४३ वैमानिक ही मुदत न पाळता निघून गेले. विमानं रद्द करावी लागली आणि कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. मुदतीचा नियम जाचक आहे असं वैमानिकांच्या संघटना म्हणतात, नियम नसेल तर आम्ही चालवायचं कसं असं कंपन्या म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर साल मध्येच मोडणं वाईटच. ऐन पेरणीत गडी गेला तर शेतकऱ्यानं काय करायचं?

पण याच्या पुढची एक पायरी आहे, ती मला खुपते. प्रशिक्षणाच्या बदल्यात लाखो रुपयांचे बॉण्ड लिहून घेतले जातात. इतकी वर्षं राहायचं, नाहीतर पैसे भरायचे. हे ऐकलं की मला आमच्या वाशी, भूम, कळंब भागातली उचल आठवते. दसऱ्याच्या आसपास मुकादम ऊसतोड कामगारांना उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या सुमारास बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये संसार भरून ही माणसं कारखान्यावर जातात. उचल फिटेपर्यंत हलता येत नाही. आजारी पडलं, खाडे झाले, तर उरलेली उचल पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. वैमानिकाची आणि कोयत्याची गरिबी सारखी नाही, हे मला कळतं. तशी तुलना केली तर ऊसतोड कामगाराचा अपमान होईल. पण गाठ एकाच जातीची आहे. मुकादम म्हणतो, माझी माणसं कुठं जात नाहीत. जात नाहीत हे खरं, पण त्याला निष्ठा म्हणत नाहीत. दावं लावलेला बैल गोठ्यातच असतो.

आणि असं बांधलेपण आभाळात धोक्याचं असतं. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याला नोकरी जाण्याची धास्ती आहे, त्याच्या तोंडून 'मी थकलोय' हे शब्द लवकर बाहेर पडत नाहीत.

इथं मला एका दुःखद घटनेचा उल्लेख करावा लागेल. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोरोनाच्या काळात दुबईहून भारतीयांना घेऊन आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान केरळात कोळिकोडला उतरताना धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. विमानात १९० माणसं होती, त्यांतली २१ गेली. दोन्ही वैमानिक त्यात होते. कॅप्टन दीपक साठे आपले मराठी, नागपूरशी नातं असलेले, हवाई दलातून आलेले, अत्यंत अनुभवी. महाराष्ट्र त्या वेळी हळहळला होता.

सरकारच्या अपघात अन्वेषण विभागाचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊस होता, पाठीमागून वारा होता, कॅप्टनच्या बाजूचा काचेवरचा वायपर नीट चालत नव्हता. उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून दुसऱ्या बाजूनं दुसरा प्रयत्न केला, त्यात धावपट्टी जवळजवळ निम्मी मागे पडल्यावर चाकं टेकली. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, हे कारण अहवालानं सांगितलं. पण अहवाल तिथंच थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहून निघणारं विमान याच कॅप्टनना न्यायचं होतं. दुसरीकडे उतरले असते, तर विश्रांतीच्या नियमामुळे ते त्यांना नेता आलं नसतं. कोळिकोडला कॅप्टन पुरेसे नव्हते आणि त्याला कंपनीचं मनुष्यबळाचं धोरण कारण होतं. सकाळची फेरी चुकू नये ही ओढ त्या निर्णयामागे होती, असं अहवाल म्हणतो.

हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कारण अशी ओढ मी ओळखतो. 'कॅप्टनसाहेब, एवढी एक फेरी सांभाळून घ्या' असं म्हणून ती ओढ माणसाच्या मनात रुजवण्याचंच काम मी बावीस वर्षं केलं होतं. कंपनीचं काम अडू नये असं वाटणं हा चांगल्या माणसाचा गुण. पण वैमानिकाच्या मागे पावणेदोनशे-दोनशे जीव बसलेले असतात. कंपनीवरची निष्ठा आणि त्या जिवांवरची निष्ठा बहुतेक दिवशी एकाच दिशेनं चालतात. एखाद्या पावसाळी रात्री त्यांच्या वाटा फुटतात. त्या रात्री वैमानिकानं कुठली वाट धरायची, हे त्याच्या मनात आधीच पक्कं हवं, आणि ती वाट धरली म्हणून कंपनी आपल्याला शिक्षा करणार नाही, याचीही त्याला खात्री हवी.

ही खात्री शेवटी कायद्यानं थोडीफार द्यावी लागली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम दोन टप्प्यांत आले, दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्रीच्या वेळात पूर्वी सहा वेळा विमान उतरवता येत होतं, ते दोनवर आलं. नियम येणार हे जवळजवळ दोन वर्षं माहीत होतं. तरीही डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणं रद्द झाली. ५ डिसेंबर या एका दिवशी हजाराहून अधिक. मुंबई, पुणे, दिल्लीच्या विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले, लग्नं चुकली, परीक्षा चुकल्या. शेवटी सरकारनं त्या कंपनीला काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. माणसाला पुरेशी झोप द्यायची ठरवली आणि एवढा मोठा डोलारा कोलमडला. याचा अर्थ तो डोलारा आतापर्यंत वैमानिकांच्या अपुऱ्या झोपेवर उभा होता, असं माझ्यासारख्या रोस्टरवाल्याला वाटलं तर चुकलं कुठं?

आपण प्रवासीही यात धुतल्या तांदळासारखे नाही. तिकीट स्वस्त हवं आणि विमान वेळेवरच हवं, उशीर झाला की काउंटरवरच्या मुलीवर ओरडायचं. तुळजापूरहून मुंबईला जाणाऱ्या रातराणीत ड्रायव्हरचा डोळा लागतोय असं दिसलं, तर आपणच म्हणतो, "साहेब, थांबवा गाडी, च्या घ्या, तोंडावर पाणी मारा. अर्धा तास उशीर झाला तर काही बिघडत नाही." विमानात मात्र दरवाजापलीकडचा माणूस आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याची झोपही दिसत नाही.

आता बप्पांची गोष्ट. मी सात-आठ वर्षांचा असेन. भाद्रपदाचे दिवस. मूग-उडीद निघाले होते आणि वडिलांना ते पलीकडच्या बाजारला न्यायचे होते, कारण त्या दिवशी भाव चांगला होता आणि सावकाराचं देणं तोंडावर होतं. गाडी भरली. मी हट्ट करून गाडीत बसलो. तेरणेच्या काठी आलो तर वर कुठंतरी पाऊस झालेला, पाणी गढूळ आणि चढतं. वडील म्हणाले, "घाल बैलं. गुडघाभर तर पाणी आहे." बप्पांनी कासरा ओढून धरला. म्हणाले, "न्हाई मालक. पाणी चढायलंय. गाडीत लेकरू हाय. मी बैलं घालत नसतो. पायजे तर साल मोडा."

वडील तापट होते. चारचौघांसमोर गड्यानं नाही म्हटलेलं त्यांना फार लागलं. तसेच परत फिरलो. वाटेत कुणी बोललं नाही. बाजार चुकला, मूग पुढच्या आठवड्यात कमी भावानं गेला. आई म्हणायची, ते आठ दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पण पुढच्या पाडव्याला बप्पा साल ठरवायला ओसरीवर आले, तेव्हा त्यांनी काही मागायच्या आतच वडिलांनी साल वाढवून सांगितलं. का वाढवलं ते वडील बोलले नाहीत, बप्पांनीही विचारलं नाही. त्यानंतर बप्पा शेवटपर्यंत आमच्याकडे राहिले.

शेजारच्या बागायतदारांकडे पैसा जास्त होता, पण तिथं नाही म्हणायची सोय नव्हती. गडी वर्ष काढायचे आणि जायचे. माझं लहानपणचं कोडं हे असं सुटलं, पण सुटायला वयाची साठी उलटावी लागली.

संध्याकाळी मी भाच्याला फोन लावला. म्हटलं, "बाळा, जायचं का राहायचं ते तू ठरव. गेलास तर सहा महिन्यांची मुदत पुरी करून जा, साल मध्येच मोडू नकोस, म्हणजे बेइमानी होत नाही. पण जाण्याआधी दोन्हीकडच्या तुझ्यासारख्याच पोरांना एक गोष्ट विचार. तुमच्याकडे 'मी थकलोय, आज उडणार नाही' असं म्हणणाऱ्याचं पुढच्या महिन्याचं रोस्टर कसं लागतं?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, इथं मी अजून कधी तसं म्हणूनच पाहिलं नाही."

मी म्हटलं, "मग आधी ते म्हणून बघ. खरंच थकशील त्या दिवशी. तुझी कंपनी कशी आहे ते तुला त्या दिवशी कळेल. तिनं तुझं ऐकलं, तर दोन पैसे कमी मिळाले तरी थोडा विचार कर. नाही ऐकलं, तर पाडवा दरवर्षी येतो."